पत्त्याचा रकाना

प्रशिक्षणात कामांची अदलाबदल ठरली होती. वकिलानं घरभेटी द्यायच्या, समाजसेविका ताईंनी अर्ज लिहायचे. वकील होता ताईंच्या मुलाच्या वयाचा, त्या त्याला काळा कोटच म्हणायच्या. त्यानं त्यांना शिकवलं, एक रकाना रिकामा राहिला तरी अर्ज परत येतो. त्यांनी त्याला शिकवलं, परक्या घरात टेकायच्या आधी मागचं दार बघून ठेवायचं. घरभेटीला निघालोय की चोरीला, असं त्यानं हसून विचारलं होतं.

ताईंकडे पहिली आली ती एक कपडे शिवणारी बाई. नवऱ्यानं तापली इस्त्री तिच्या पाठीवर टेकवली, तशी लेकीला घेऊन ती मावशीकडे लपली. नवऱ्यानं जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम हवा होता. ताईंनी आयुष्यातला पहिला अर्ज मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. पत्त्याच्या रकान्यात मावशीचं घर घातलं, मजला घातला, जिन्याची खूणसुद्धा. वकिलानं कलमं तपासली, पत्ता वाचलाच नाही. रीतीप्रमाणे एक प्रत नवऱ्याला गेली.

चौथ्या दिवशी दुपारी वकील मावशीच्या घरी घरभेटीला बसला होता. शिलाई मशीन चालू होतं, लेक त्याच्या कोटाच्या बटणांशी खेळत होती. एका दणक्यात कडी उखडली. नवऱ्याच्या एका हातात अर्जाची घडी, दुसऱ्यात लोखंडी पाना. मावशी आडवी आली, तिचं मनगट काडीसारखं मोडलं. त्यानं बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ मशीनवर आपटलं. एकदा आपटलं, दोनदा आपटलं, पांढऱ्या कापडावर लाल टिपके उमटत गेले.

वकिलानं लेकीला मागच्या दारातून बाहेर ढकललं आणि परत येऊन नवऱ्याच्या कमरेला मिठी घातली. पाना जबड्यावर बसला. तोंडभर रक्त घेऊन तो ओरडला, "मागचं दार!" ती रांगत बाहेर पडली. मग दार लावून, त्याला पाठ टेकून तो बसला. एक घाव खांद्यावर, एक घाव बरगडीवर, एक घाव गुडघ्यावर. शेजारी धावून येईतो तो तिथून हलला नाही.

नवऱ्याला पोलिसांनी नेलं, पण जामीन काय, आज ना उद्या होणारच. दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात नवा अर्ज घेऊन आल्या. जबडा तारेनं बांधलेल्या वकिलानं कागदावर लिहिलं, पत्ता मी वाचायला हवा होता. ताईंना मान वर करवेना.

सही करायला ती आली. कपाळावर टाके, कडेवर लेक. पत्त्याच्या रकान्यावर पेन धरून ताईंनी विचारलं, आता कुठं राहशील?

"ताई, तुमचा माझ्यावर जीव आहे, ठाऊक आहे मला. पण मी कुठं जाते, ते आता तुम्हालाही सांगायची नाही."

ताईंनी रकान्यात लिहिलं, वकिलांच्या कार्यालयामार्फत. तिनं सही केली आणि मागच्या जिन्यानं उतरून गेली. खिडकी हाताशीच होती, पण ती कुठल्या वळणाला वळली, हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.