साहेब येणार म्हणून

क्षिप्राला खोकला जडला तेव्हा डॉक्टरांनी तिच्या आईला, सुनीतीला हवापालटाचा सल्ला दिला. गिरगावची खोली सोडून कळंबोलीत फ्लॅट घेतला होता तो हवापालटासाठीच. पण सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर कुठल्याशा कारखान्याचा टँकर काळा गाळ ओतून जाई, आणि मग पाच वर्षांची पोर छाती धरून खोकत राही.

सुनीतीने दारोदार फिरून बायका जमवल्या. नाल्यापलीकडच्या बैठ्या चाळीतून चांगुणाबाई निम्मी चाळ घेऊन आल्या. सोसायटीतले पुरुषही मागे नव्हते. ते गॅलरीत उभे राहून पाठिंबा देत होते. बायका प्रदूषण मंडळाच्या कचेरीत दोनदा ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे शनिवारी गाळाचा नमुना घ्यायला येतो, असं तिथले साहेब म्हणाले.

आता सेक्रेटरी सुभाषराव जागे झाले. साहेब येणार म्हणजे सोसायटीच्या इज्जतीचा प्रश्न. शुक्रवारी सुनीती पोरीला घेऊन परळच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेली होती. तेवढ्यात सुभाषरावांनी मजूर लावून गाळ नाल्यात लोटला, वर तांबडा मुरूम पसरला आणि फिनेल शिंपडलं. ती परतली तेव्हा मांडव उभा राहत होता.

शनिवारी साहेबांना शाल, श्रीफळ आणि बटाटेवडे मिळाले. नमुना तेवढा मिळाला नाही.

"परिसर छान ठेवलाय," साहेब म्हणाले. "तक्रार कशाबद्दल होती?"

"कालच साफ केलं सगळं," सुभाषराव अभिमानाने म्हणाले. "तुमच्या बुटांना लागलं असतं."

सुनीती मुरूम उकरायला वाकली. साहेब म्हणाले, "राहू द्या, मॅडम. भेसळीचा नमुना चालत नाही." रिकामी बाटली बॅगेत टाकून, नारळ घेऊन ते गेले.

"घान नाल्यात लोटली व्हय, सेक्रेटरीसायेब?" चांगुणाबाईंनी विचारलं. "म्हंजी आमच्या दारात. आमचं बी स्वागत झालं म्हनायचं."

सुभाषराव खुर्च्या मोजायला गेले.

मंगळवारी भरदुपारी टँकर पुन्हा आला. या वेळी बायका त्याच्यासमोर रस्त्यावरच बसल्या.

"बाई, हटा की," ड्रायव्हर नामा म्हणाला. "मी नुसता ड्रायव्हर हाय."

"मग नुसता बस," चांगुणाबाई म्हणाल्या.

सुनीतीने पीसीओवरून साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, शनिवारी बघू. "चालेल," ती म्हणाली. "तोवर टँकर इथेच आहे, आम्हीही. पेपरवाल्यांनाही शनिवारचंच सांगते."

साहेब संध्याकाळच्या आत आले, नाकाला रुमाल लावून. सुभाषराव जिन्यातून खुर्ची घेऊन धावले.

"वहिनी, निदान बसू तरी द्या. काय म्हणतील ते?"

सुनीतीने खुर्ची घेतली आणि चांगुणाबाईंना दिली. नामाने टँकरचा नळ सोडला. साहेबांनी बाटली धरली, भरली आणि ते रुमालात तोंड खुपसून खोकायला लागले.

"चहा सांगू?" सुभाषरावांनी हळूच विचारलं.

"सांगा ना," सुनीती म्हणाली आणि पंचनाम्याचा कागद पुढे केला. "साहेब, खोकून झालं की इथे सही करा."