फेरपरीक्षेचा सोबती

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेली मदतनीस आगीच्या प्रशिक्षणात नापास झाली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीचे नवे कर्मचारी पहिल्याच फटक्यात पास! ही बाई मात्र व्हिडिओकडे न बघता मान खाली घालून वही भरत बसली आणि पेपर हातात पडताच सगळं विसरली. आता सोमवारी फेरपरीक्षा, तीही एकटीची.

"एकटीची कशी? मीही आपटलोय," भांडारातले काका म्हणाले. ही परीक्षा जुन्यांनाही दरवर्षी चुकत नसे. "वय झालं गं. डोकं चालत नाही."

तिला हायसं वाटलं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं अभ्यासाला बसू लागले. काका आग विझवायचा रिकामा लाल सिलिंडर तिच्या हातात देत आणि खेकसत, "ज्वाळेच्या शेंड्यावर काय मारतेस? बुडाशी मार, बुडाशी!" नापास माणसाला एवढं कसं येतं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी पेपरआधी व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तिने मान वर करून पाहिलं. पडद्यावर पीळदार मिशीचा एक तरणा गडी सिलिंडर धरून ओरडत होता, "बुडाशी मार, बुडाशी!"

तिने शेजारी पाहिलं. काका मान खाली घालून वही भरत होते.

ती त्यांच्याकडे झुकली. हळूच म्हणाली, "काका, मिशी शोभायची हो तुम्हाला."

"पुढे बघ," काका मान वर न करता म्हणाले. "परत नापास व्हायला मला जमणार नाही."