पान तीनवरचं नाव

“सर, इथं सही लागेल तुमची.”

टाचणी या आमच्या वार्ताहर पोरीने बाजूवही विज्ञानाच्या सरांपुढे धरली आणि बोट ठेवून जागा दाखवली. प्रयोगशाळेत विज्ञान मंडळाची पोरं परीक्षानळ्या धूत होती. त्यांचे हात थांबले. मी दारात उभा होतो. वृत्तपत्र मंडळाचा वार्ताहर कुणाची बाजू लिहून घ्यायला गेला की मी जवळपास राहतो, मध्ये बोलत मात्र नाही.

“वाचू तरी दे,” सर म्हणाले. “‘यंत्र बनवणाऱ्या दोन मुलींना स्पर्धेच्या मंचावर का नेले नाही, असे विचारले असता...’ आता हे सगळं छापणार तुम्ही?”

“हो सर. तुम्ही म्हणालात ना, त्या दोघी चार लोकांपुढे त-त-प-प करतात, बक्षीस हातचं गेलं असतं. तसंच लिहिलंय. काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “दोनबाजू, ही तुमची शिकवण का?”

“नियम आहे, सर,” मी म्हणालो. “ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं.”

पोरांसमोर नाही म्हणणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी सही केली, वही मिटली आणि टाचणीच्या हातात न देता टेबलावर टाकली.

दोनबाजू हे माझं शाळेतलं नाव. आधी पोरांनी ठेवलं, मग शिक्षकांनी उचललं. मी बावीस वर्षं आठ पानांचं मासिक वार्तापत्र चालवत आलो आणि त्यासाठी तीन नियम घालून ठेवले. बातमी ज्याच्याबद्दल, त्याची बाजू वहीत सहीनिशी घ्यायची. प्रत्येक बातमीखाली लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं. आणि चूक झालीच तर पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात ती कबूल करायची. या नियमांचा मला भारी अभिमान होता. खरं सांगायचं तर ते पाळणं सोपं होतं, कारण आमच्या अंकात कुणाला झोंबेल असं काही कधी आलंच नव्हतं. वाचनालयातला बंद पंखा, वादविवाद मंडळातली नवीन निवड, गणित मंडळाचं कोडं. या बातम्यांच्या दोन बाजू घ्यायला कसली छाती लागते?

टाचणी नववीतली. अंगाने काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून टाचणी. तिला ही बातमी गुरुवारच्या मंडळांच्या तासाला लागली. आंतरशालेय स्पर्धेत पाणी गाळायच्या यंत्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते यंत्र आठवीतल्या दोन मुलींनी चार महिने खपून बनवलेलं. पिंप कापताना एकीच्या तळहाताला टाके पडले होते. मंचावर मात्र उभे राहिले शाळा समितीच्या अध्यक्षांचे चिरंजीव आणि त्यांचा मित्र. पदक त्यांच्या गळ्यात, फोटो त्यांचा.

त्या दोघी आधी बोलायलाच तयार नव्हत्या. “नको ताई, सर रागावतील.” टाचणीने त्यांना शब्द दिला, की जे झालं तेवढंच लिहीन आणि खाली माझं नाव घालीन, म्हणजे कोण रागावलं तर माझ्यावर रागावेल. तेव्हा कुठे त्यांनी यंत्राच्या नोंदींची वही तिच्याकडे दिली. चार महिन्यांच्या नोंदी, सगळ्या त्यांच्याच अक्षरात. मी ती वही पाहिली, बातमी वाचली आणि एक शब्दही न बदलता पान तीनवर लावली. त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेलो होतो.

आणि सही करून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांचं, म्हणजे मुख्याध्यापकांचं, बोलावणं आलं. ज्याच्याबद्दल छापायचं त्याला आधी जाऊन सांगायचं, हा नियम माझाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मोठे सर आवाज चढवत नाहीत. त्यांनी खुर्ची दाखवली, शिपाईमामांकडून पाणी मागवलं.

“पोरीनं छान लिहिलंय हो,” ते म्हणाले. “तुमची तालीम दिसते.”

“तिचं तिनंच लिहिलंय, सर.”

“तेच म्हणतोय. पण घरातलं घरात राहावं. अंक अध्यक्षांकडेही जातो आपला.”

“बातमी खरी आहे.”

“खोटी कोण म्हणतंय? खरीच आहे.” त्यांनी माझ्याकडे ग्लास सरकवला. “आता तुम्हीच सांगा. दहावीचे पालक माझ्या मागे लागलेत, गुरुवारचे ते दोन तास सरावाला द्या म्हणून. वार्तापत्र बंद करा, मंडळं बंद करा, काय वाट्टेल ते. मी थोपवून धरलंय, केवळ तुमच्याकडे बघून. किती दिवस थोपवू?”

मग त्यांनी टंकलेला एक कागद पुढे केला. ‘विज्ञान मंडळाचे घवघवीत यश.’ त्यात अध्यक्षांचे चिरंजीव होते, सरांचं मार्गदर्शन होतं, शाळेची उज्ज्वल परंपरा होती. त्या दोघींचा उल्लेख ‘इतर सहकारी’ असा होता. मी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. भांडलो नाही, राजीनामा देतो म्हणालो नाही. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. एका बातमीसाठी अख्खं वार्तापत्र कशाला घालवायचं, असं मी मनाशी म्हणालो, आणि घरी पोचेपर्यंत ते मला पटलंही.

घरी ताटावर बसलो तरी खिशातला तो कागद काढून पुन्हा वाचत होतो. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

“मग त्या पोरीला सांगितलंत?” ती म्हणाली.

“अंक निघाला की समजावीन. समजूतदार आहे.”

“अहो, जगाची बाजू वहीत घेता. तिची घेतलीत का?”

“तुला शाळेतलं काही कळत नाही,” मी म्हणालो. चिडलो की मी हेच म्हणतो. ती उठून भांडी आवरायला लागली.

बुधवारी शाळा सुटल्यावर छापखान्यात गेलो. पानं जुळवणारा कारागीर संगणकावर बसला होता. त्याने पान तीन उघडलं, टाचणीची बातमी निवडली, एक कळ दाबली. चौकट रिकामी झाली. मग त्याने मोठ्या सरांचा मजकूर त्यात ओतला.

“दोन ओळी जास्त होतायत, सर.”

“परंपरा काढ,” मी म्हणालो. मला तेवढाच सूड सुचला.

त्याने पान छापून हातात दिलं. मी तीनदा वाचलं. एक वेलांटी दुरुस्त केली, एक स्वल्पविराम काढला. बावीस वर्षांत माझ्या अंकात शुद्धलेखनाची चूक कुणाला सापडलेली नाही. खाली सही करून मी पान परत दिलं.

गुरुवारी दुपारी गठ्ठे आले. अंक वाटायला नेहमी आठवीपासून सुरुवात होते, कारण तो वर्ग जिन्याशेजारी. मी मंडळाच्या खोलीत पोचलो तोवर आठवीचा गठ्ठा गेलाही होता. टाचणी बाकावर पान तीन उघडून बसली होती. मी घसा साफ केला. रात्रभर तयार केलेलं भाषण माझ्या जिभेवर होतं.

“बातमी काढलीत ते दिसलं, सर,” ती म्हणाली. “तुमचं काहीतरी कारण असेल. पण हे खाली माझं नाव कसं?”

मी वाकून पाहिलं. नाव होतं. बातमीची चौकट वेगळी आणि नावाची चौकट वेगळी, छापखान्यातल्या कारागिराने वरची बदलली, खालची तशीच राहिली. मी वेलांट्या तपासत बसलो होतो. नाव मी बातमी हातात येते तेव्हाच तपासतो, त्यानंतर कधी पाहत नाही, कारण त्यानंतर ते कधी बदललेलंच नव्हतं.

“चुकून झालं गं,” मी म्हणालो. “देवाशप्पथ, चुकून.”

“म्हणजे हे मी लिहिलंय असं झालं ना?”

दारात त्या दोघी उभ्या होत्या. एकीच्या तळहातावर टाक्यांची पांढरी रेघ अजून दिसत होती. तिने तो हात पुढे केला.

“ताई, आमची वही दे.”

“अगं, ऐक तरी. हे मी नाही...”

“नाव तुझंच आहे.”

टाचणीने दप्तरातून वही काढून दिली. दोघी गेल्या. रडारड नाही, भांडण नाही. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“सर, पुढच्या अंकात चूक कबूल करायची,” टाचणी म्हणाली. “पान तीन, डावीकडे खाली. एवढ्याच अक्षरात. तुमचाच नियम आहे.”

मी तसाच मोठ्या सरांकडे गेलो. या वेळी पाणी मागवलं नाही.

“पुढचा अंक?” ते म्हणाले. “अहो सर, कालच समितीची बैठक झाली. गुरुवारचे तास सरावाला दिले. वार्तापत्राचा हा शेवटचा अंक. सांगणारच होतो तुम्हाला.”

“तुम्ही थोपवून धरलं होतं ना?”

“धरलं होतं. माझ्या हातात काय आहे?” ते पुन्हा कागदात डोकं घालून बसले. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणं हातात घेऊन मी जिना उतरलो.

खोलीत परत आलो तेव्हा टाचणीने पहिला गठ्ठा सोडला होता. तिच्यासमोर जाड काळं पेन होतं. ती एकेका अंकाचं पान तीन उघडायची आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारायची, मग त्याच रेघेवर पुन्हा एक. साडेपाचशे अंक उरले होते.

मी तिला समितीचं सांगितलं. तिने मान हलवली, पेन थांबलं नाही.

“मी आठवीच्या वर्गात जाऊन सांगतो,” मी म्हणालो. “चूक माझी आहे म्हणून.”

“मग मोठे सर तुम्हाला बोलावतील,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच माझी काळजी वाटली होती, आणि तेच मला सोसलं नाही. आठवीचा वर्ग जिन्याशेजारीच होता, पंधरा पावलांवर. मी गेलो नाही. गेलो नाही, हे तेवढं इथे लिहून ठेवतो.

मी खिशातून पेन काढलं आणि एक अंक ओढून घेतला.

“सर, तुम्ही नको,” ती म्हणाली. “माझं नाव मीच खोडते.”

मी पेन परत खिशात ठेवलं. शाई जाड होती, पान मिटलं की समोरच्या पानावर उतरत होती. म्हणून ती खोडेल तो अंक मी उचलायचो आणि बाकावर उघडा पसरायचो. बाकं संपली तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर, मग फरशीवर.

शिपाईमामा दारात आले. “सर, वर्ग थांबलेत. अंक नेऊ का?”

“थोडं थांबा, मामा,” मी म्हणालो. “वाळायचेत अजून.”