बाहेरून आलेला गोल

मी एक जुनी जाळी आहे. हॉकीच्या गोलखांबांना मागून बांधतात ना, ती. जाळी म्हणजे सगळी भोकंच, असं तुम्ही हसून म्हणाल. म्हणा. पण मित्रांनो, भोकाभोकांत फरक असतो. बाकीची विणलेली असतात, एखादं फाटलेलं असतं. मला सांगायचं आहे ते त्या फाटलेल्या भोकाबद्दल, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तशी मला चैन कधीच पडत नाही. आमचं मैदान पावस गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. खाली लाल जांभा, वर मोकळं आभाळ, आणि मध्ये वारा. तो थांबत नाही, म्हणून मीही थांबत नाही.

माझा जन्म मात्र खाली किनाऱ्यावरचा. भागोजी तांडेलांनी मला विणलं. तेव्हा मी एका मोठ्या रापणीचा भाग होते. रापण म्हणजे पाच-पन्नास माणसं किनाऱ्यावर उभी राहून दोन्ही टोकांनी ओढतात ते जाळं. सात वर्षं मी समुद्रात पडले आणि ओढली गेले. बांगडे, तारल्या, एकदा तर कुणाची तरी छत्री. मग रापण जुनी झाली आणि तिचे तुकडे झाले. एक तुकडा कोंबड्यांच्या खुराड्याला लागला, एक कुणाच्या दोडक्याच्या मांडवाला, आणि एक, म्हणजे मी, सड्यावर आले. वाडीतल्या मुलींनी हॉकीचा संघ काढला होता आणि त्यांच्याकडे खांब होते, जाळी नव्हती.

भागोजींनी मला मापात कापलं, कडेनं दोर ओवला, खांबांना ताणून बांधलं आणि मुलींना म्हणाले, "हिच्यात काय सापडलं तर आनंद मानू नका गो. हिला रिकामी ठेवायची हाय."

आयुष्यभर भरायला शिकले आणि म्हातारपणी रिकामं राहायची नोकरी लागली. पण ती मला आवडली. दर सामन्याआधी भागोजी सडा चढून यायचे आणि माझ्या विणीच्या एकेका घरावरून हात फिरवायचे. त्यांना बघावं लागत नसे. बोटं सांगायची.

माझ्या मागे प्रेक्षक उभे राहायचे. अगदी मागे, नाक लागेल इतके. त्यांची पुढारी मथुरामावशी. ती खाली मासळी विकायची, आणि सामन्याला येताना रिकामं घमेलं घेऊन यायची. ते पालथं घालून त्यावर पळी बडवायची. आमच्यावर झालेला एकही गोल तिला वीस वर्षांत कधी खरा वाटला नाही. "पंच आंधळा हाय!" हे तिचं ठरलेलं वाक्य. पंच ओळखीचा असला तर "चष्मा घरी इसरलास काय रे?" एवढंच.

एका वर्षी आमच्या मुलींनी जिल्ह्याचा चषक जिंकला. तेव्हा लोकांनी मला हार घातला. खोटं नाही सांगत, मला, जाळीला. मथुरामावशी म्हणाली, "हिनं काय गिळलं नाय, म्हणून आपण जिंकलो."

त्यानंतरची वर्षं उतरणीची. चांगल्या खेळणाऱ्या मुली लग्नं होऊन गेल्या, काही मुंबईला कामाला गेल्या. संघ हरू लागला. आधी थोडक्यात, मग सवयीनं. तरी माणसं यायची. हरणाऱ्या संघामागे उभं राहणं सोपं नसतं. पण ओढून ओढून रिकामी आलेली रापण त्यांनी पुष्कळदा बघितली होती. रिकामी आली म्हणून उद्या कुणी किनाऱ्यावर जायचं सोडतं का?

मग भागोजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले आणि त्यांचं सडा चढणं बंद झालं. माझ्यावरून हात फिरवणारं कुणी राहिलं नाही. आणि डाव्या बाजूला, गोलाच्या तळाशी आतून लाकडी फळी असते तिच्या जरा वर, माझी तीन घरं तुटली.

ते पहिल्यांदा दिसलं दिशाला. दिशा आमची गोलकीपर. एकोणीस वर्षांची, अबोल, पायाला पॅड बांधले की दुप्पट दिसणारी. तिनं क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष म्हणजे रूपेश. त्याचा बर्फाचा कारखाना आहे, पण तरुणपणी तोही खेळायचा. माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत असतो.

"काका, डावीकडं जाळी फाटलीय."

"बघू."

आठ दिवसांनी पुन्हा. "काका, बॉल जाईल एवढं भोक झालंय."

"अगो, नवीन मागवू या. बघतो."

तेव्हा मंडळ कमानीच्या कामात होतं. मैदानाच्या तोंडाशी एक कमान उभी राहत होती आणि तिच्यावर सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं यायची होती. कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यात दोन महिने गेले.

त्या वर्षी आम्ही कसेबसे जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो, आणि तो आमच्याच मैदानावर होता. त्या सकाळी दिशानं तिसऱ्यांदा सांगितलं. रूपेशनं माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. पाहुणे येत होते. "हार्दिक स्वागत" लिहिलेला एक कापडी फलक उरला होता. तो त्यानं स्वतःच्या हातांनी माझ्या डाव्या बाजूवर बांधला. भोक झाकलं गेलं.

"आजच्या दिवस चालवून घे," तो म्हणाला. "उद्या पयलं काम तेच."

स्वागताची भाषणं इतकी लांबली की पंचांनी मला दुरूनच पाहिलं. मी काय करणार होते? मी खूप हलले. वाऱ्यानं जाळी हलते, त्यात कुणाला नवल वाटणार?

सामना संपायला पाच मिनिटं होती आणि गोल कुणाचाच नव्हता. पाहुण्या संघाच्या एका मुलीनं डावीकडून चेंडू उचलून मारला. तो खांबाच्या बाहेरून गेला. दिशानं तो जाऊ दिला, आणि बरोबरच केलं. पण त्याच क्षणी वाऱ्यानं फलकाचा कोपरा उचलला. चेंडू त्याच्या खालून, माझ्या भोकातून आत आला आणि फळीवर आपटून दिशाच्या पायामागे थांबला. फलक पुन्हा खाली बसला. पंच वळले, त्यांना आतला चेंडू दिसला आणि त्यांनी शिट्टी वाजवली. गोल.

"भायरून आला! भायरून आला!" मथुरामावशी ओरडत होती. पण मित्रांनो, वीस वर्षं प्रत्येक गोलाला ओरडणाऱ्या बाईचं त्या दिवशी कोण ऐकणार? शेजारची माणसंही हसली. दिशानं पंचांना फलक उचलून भोक दाखवलं. पंच म्हणाले, "हे सामन्याआधी सांगायचं." तिनं रूपेशकडे पाहिलं. रूपेश पाहुण्यांना निरोप द्यायला फाटकाकडे चालला होता.

आम्ही हरलो. लोक पांगल्यावर रूपेश माझ्यापाशी आला. फलक सोडला, गुंडाळला, आणि तिथेच उभा राहून फोन तोंडाशी धरून मंडळाच्या ग्रुपवर निरोप पाठवला. "मुली चांगल्या खेळल्या. गोलकीपरच्या चुकीनं एक गोल गेला. पुढच्या मोसमात बदल करू."

दोन पावलांवर दिशा पॅडचे पट्टे सोडत होती. दोन्ही पॅड तिनं खांबाला नीट टेकवून ठेवले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही.

मला उतरवून गोणत्यात कोंबलं आणि मंडळाच्या खोलीत टाकलं. माझ्या जागी कोरी हिरवी जाळी आली. समुद्रात सात वर्षं काढली, पण त्या गोणत्यात जितकी तडफडले तितकी कधी नाही. सगळं माझ्यातूनच तर गेलं होतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

खोलीच्या खिडकीतून सामने ऐकू यायचे. स्टिकांचा आवाज यायचा, पण घमेलं ऐकू येत नव्हतं. दिशानं उचललेल्या फलकामागचं भोक लोकांनी पाहिलं होतं आणि मंडळ त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं; माणसं यायची बंद झाली होती. मंडळानं टोप्या वाटल्या, वडापाव ठेवला, मोठा स्पीकर आणून गाणी लावली. गाणी ऐकायला बकऱ्या आल्या. शेवटी रूपेशनं मथुरामावशीला खोलीत बोलावून घेतलं. मी कोपऱ्यात होते.

"मावशी, काय पायजे काय तुमाला? नवी जाळी लावली, नवा कोच बघतोय. पुढच्या वर्षी चषक आणतो की नाय बघा."

"चषक कोणी मागितला?" मावशी म्हणाली. "हरायची सवय हाय आमाला. तुज्यापेक्षा जास्त हाय."

"मग?"

"ती पोर माज्याकडं कोळंबी सोलायला येते. मान वर करत नाय. गिऱ्हाईक बोलतं, हीच काय ती गोल सोडणारी? पुढच्या म्हयन्यात मामाकडं मुंबईला जाते, कायमची. तो फलक कोणी बांधलान, रूपेश?"

रूपेशचा फोन वाजला, तो त्यानं उचलला नाही.

"मी ओरडले तर लोक हसले. माजी चूक हाय ती, मी सारखीच ओरडते. पण तू कधी ओरडत नायस. तू बोललास तर लोक आयकतील." एवढं बोलून ती उठली आणि गेली.

रूपेशनं गोणतं ओढलं, मला बाहेर काढलं आणि त्या भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला. त्यानं मला मोटारसायकलवर टाकलं, एक चेंडू खिशात घातला आणि सडा उतरला.

दुपारची भरती होती. होड्या लागलेल्या, लिलाव चालू, सगळी वाडी किनाऱ्यावर. मैदानात न येणारे सगळे तिथे होते. दिशाही होती, बायकांत, खाली मान घालून. रूपेशनं मला एका हातानं उंच धरली आणि दुसऱ्या हातानं बाहेरच्या बाजूनं चेंडू भोकातून आत टाकला. तो वाळूत पडला.

"त्या दिवशी असाच आला," तो म्हणाला. आवाज पार खोल गेलेला. "दिशानं मला तीनदा सांगितलं व्हतं. मी फलक लावून झाकलं. तिची चूक नाय. माजी हाय. आणि नंतर मी खोटं बोललो."

लिलाव थांबला.

"मागच्यांना आयकू गेलं नाय," मथुरामावशी म्हणाली.

रूपेशनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"त्या शेवटच्या होडीवरच्यांना?"

"मावशी..."

"तिनं तीनदा सांगितलान ना तुला?"

त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. ओरडून. घामाघूम होऊन.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी त्याला मिठीही मारली नाही. एक जण म्हणाला, "एवढंच व्हतं तर तेव्हाच बोलायचं ना, मेल्या." आणि लिलाव पुन्हा सुरू झाला. रूपेशनं विचारलं, "मग आता?"

"आता ती हिरवी काढ आणि हीच शीव," मावशी म्हणाली. "कुठं फाटली व्हती ते दिसू दे लोकांना."

त्याला विणता येत नव्हतं. भागोजी आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याचा हात धरून बांबूच्या सुईनं एकेक गाठ घालायला शिकवलं. डोळे त्यांचे मिटलेले आणि चुका दिसत होत्या त्यांनाच. "सोड. परत घाल." संध्याकाळपर्यंत तीन घरं झाली. माझ्या अंगावरच्या सगळ्यात कुरूप गाठी त्याच आहेत. पण त्यांतली एकही सुटलेली नाही.

पुढच्या सामन्याला माणसं आली. सगळी नाही, निम्मी. विश्वास काही भरतीबरोबर परत येत नसतो. दिशाही आली. पॅड बांधण्याआधी तिनं रूपेशच्या देखत त्याची एकेक गाठ ओढून पाहिली. मग माझ्या मागे उभ्या असलेल्यांनीही ओढून पाहिली, एकामागून एक. रूपेश बाजूला उभा राहिला आणि त्यांना पाहू दिलं.

आम्ही तो सामना दोन गोलांनी हरलो. दुसरा गोल झाला तेव्हा दिशा गुडघ्यांवर होती आणि माझ्या मागे सगळे शांत होते. तेवढ्यात घमेल्यावर पळी पडली.

"दोन्ही पुढून आले गो!" मथुरामावशी ओरडली. "दोन्ही खरे व्हते! ऊठ!"

वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं गोल मान्य केला. दिशा हसत हसत उठली. मामाकडे जायचं तिनं तूर्त लांबवलं आहे.

परवाचीच गोष्ट. सरावाच्या वेळी दिशा म्हणाली, "काका, उजवीकडं वरचा दोर झिजलाय." रूपेश फाटकाशी कुणाशी तरी बोलत होता, हातात चहा. तो चहा त्यानं कमानीच्या पायाशी ठेवला आणि सुई घेऊन आला. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मित्रांनो, खेळ झाला की जाळी उतरवा, सुकवा, उंदरांपासून जपा, हे तर तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगते, खेळण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. बोट कुठे अडकलं, तर ज्याचं काम आहे त्याला सांगा. तो "बघू" म्हणाला तर पुन्हा सांगा, सगळ्यांसमोर सांगा. आणि ज्याला सांगतात तो तुम्हीच असाल, तर हातातलं खाली ठेवा आणि उठा.