कोपऱ्यातलं नाव

या मित्रांनो, टेका इथं. एक गोष्ट सांगतो, माझ्या चोरीची. आजवर कुणाला सांगितली नाही.

मी एक जुना ठसा आहे, तांब्याचा, आगपेटीएवढा. जावा बेटावरच्या पेकालोंगान गावच्या तांबटानं पट्टी वाकवून माझ्या तोंडावर उलटी अक्षरं बसवली: हार्जो. पाक हार्जो, म्हणजे हार्जोसाहेब, आमच्या बातिक कारखान्याचे मालक.

कारखान्यात बायका चुलीभोवती बुटक्या स्टुलांवर बसायच्या. हातात चांतिंग, म्हणजे गरम मेण धरणारी नळीची लेखणी. नळी तुंबली की फुंकर मारायची आणि कापडावर मेणाची रेघ ओढायची. जिथं मेण, तिथं रंग चढत नाही, नक्षी पांढरी उमटते. सगळ्यांत बारीक हात म्बोक तुकिराचा, म्हणजे तुकिरामावशीचा. एका कापडाला तिचे चार महिने जायचे.

"तुकिरा, तुझा नवरा तरी ओळखतो का गं तुझं काम?" शेजारीण चिडवायची.

"मला ओळखतो तेवढं बास झालं."

कापड पुरं झालं की पाक हार्जो उठायचे, मला गरम मेणात बुडवायचे आणि कोपऱ्यात दाबायचे. झालं. तिचे चार महिने, माझा एक क्षण. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय हात आहे हार्जोंचा!" ते हसून म्हणायचे, "अहो, डिझाईन माझंच ना." चुलीपाशी तुकिरा ऐकायची आणि नळीत फुंकर मारायची.

एकदा तिनं कोपऱ्यात तीन बारीक पानं काढली. नक्षीत नव्हती ती.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"हात चुकला, मालक."

तिचा हात कधीच चुकत नव्हता; ती तिची खूण होती. मालकांनी मला बरोब्बर त्या पानांवर दाबलं. मी बुजवली ती. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ठशाचं काय चालतं? खरंय. पण माझ्यावरच्या नावाचं कौतुक मलाही आवडायचं, ते कसं लपवू?

पुढं मालक वारले, कारखाना बंद पडला आणि मी कपाटाच्या खणात हिरवा होत पडलो. मग एक दिवस त्यांची नात वेनिंग आली. आर्ट कॉलेजात शिकणारी. तिला प्रकल्प करायचा होता, बायकांचं काम आणि पुरुषांचं नाव यावर. मला घासून पुसून म्हणाली, "तू भिंतीवर खिळ्याला लटकणार आहेस. चोर म्हणून." मला पटलं.

कापडासाठी तिनं तुकिरालाच गाठलं. म्हातारीचे डोळे अधू झालेले, तरी दोन महिने ती रोज येऊन बसली. कापडभर बायकांचे हात काढले. दुसऱ्या दिवशी कापड रंगात घालायचं, म्हणून वेनिंगनं चांतिंग घेतली आणि कोपऱ्यात मेणानं लिहिलं: वेनिंग.

"सही केलीस होय?" तुकिरानं विचारलं.

"कॉलेजात लागते, म्बोक. कल्पना माझी ना."

"हं. तुझे आजोबा म्हणायचे, डिझाईन माझं."

पोरीचा हात तसाच थांबला. चेहरा उतरला. ती नखानं मेण खरवडायला लागली.

"खरवडू नकोस, डाग राहतो. असू दे तुझंही."

"मग तुम्ही तुमचं लिहा. माझ्यापेक्षा मोठं."

"मला लिहायला कुठं येतं, पोरी?"

वेनिंगनं डोळे पुसले, पेन्सिलीनं कापडावर तुकिराचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "नक्षी समजून गिरवा." तुकिरानं फुंकर मारली आणि एका दमात गिरवून टाकलं.

"एवढंच? पाकळी जास्त अवघड असते की गं."

प्रदर्शनात मी खिळ्याला होतो. तुकिरा जवळ आली, मला निरखून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, केवढासा आहे हा. तेव्हा केवढा वाटायचा." दोघी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचं नाव एका कापडावर लागलं. पण मी दाबलेली शेकडो कापडं लोकांच्या घरी आहेत, ती मला परत आणता येत नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो. कुठं जुन्या कापडाच्या कोपऱ्यात माझं नाव दिसलं, तर घरच्यांना एवढं सांगा, हे हार्जोनं काढलेलं नाही, एका बाईनं काढलंय. सांगाल ना?