रीताच्या एका तासाचा भाव

नणंदेच्या लग्नासाठी रीता व्हिएतनामहून तुमसरला आली होती. लग्न आटोपलं, भावना सासरी गेली, पाहुणे पांगले, रीताचा नवराही रजा संपली म्हणून परत गेला, आणि घरात उरले ते सासू-सासरे, रीता आणि लाडवांचे दोन डबे. सासरे भैय्यालाल दुपारी जेवून झोपायचे. तेवढा वेळ रीता आणि सासूबाई जानकीबाई बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानात बसायच्या. लग्नसराई ओसरलेली, गिऱ्हाईक कमी, त्यामुळे बोलायला मोकळीक होती.

रीताचा नवरा भूषण तुमसरच्या राइस मिलमधली यंत्रं दुरुस्त करता करता एका कंपनीतर्फे व्हिएतनाममधल्या कान थो शहरात जाऊन पोचला होता. तिथंही भातच, तिथंही मिलच. दीड वर्षापूर्वी रीताही गेली. त्याआधी ती इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तिकडे गेल्यावर पहिले काही आठवडे तिला बोलायलाच कोणी नव्हतं. मग शेजारच्या लानशी ओळख झाली. लान तिच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, कापडाचं दुकान चालवणारी, दोन मुलांची आई. रीता त्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवू लागली. पैशांचा विषय कधी निघाला नाही. लान कधी फळं पाठवायची, कधी मासळी. एकदा तिनं जिवंत बदक पाठवलं. भूषणने ते दोन दिवस न्हाणीघरात सांभाळलं आणि मग हात जोडून परत देऊन आला.

आता लानची भाचीही शिकायला येणार होती, गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी विचारत होत्या. तिथल्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये रीताने मुलाखतही दिली होती. मालकाला तिचं शिकवणं आवडलं. पण तो म्हणाला, "पालकांना गोरी माणसं लागतात. तुम्हाला त्यांच्या निम्मे देईन." रीता हसून उठली आणि घरी येऊन तासभर भांडी घासत बसली. तेव्हाच तिनं ठरवलं, आपण घरीच शिकवायचं, आपल्या भावानं. फक्त तो भाव काय, हे काही ठरत नव्हतं.

"भूषण काय म्हणते?" जानकीबाईंनी विचारलं.

"ते म्हणतात, जास्त सांगशील तर कोणी येणार नाई, कमी सांगशील तर त्या क्लासच्या मालकासारखंच होईल."

"म्हंजे काहीच नाई म्हणत." जानकीबाईंनी गादीवरची साडी घडी घालून बाजूला ठेवली. "तुह्या मनात किती आहे?"

"तासाचे अडीच लाख."

जानकीबाईंच्या हातातला पाण्याचा पेला तोंडाशीच थांबला. "कायचे लाख?"

"तिकडचे डोंग, आई. आपले साडेआठशेच्या आसपास होतात. तीन पोरांचे मिळून."

"असं सांग ना! मले वाटलं भूषणले आता मिलमंधी कायले पाठवाचं." पेला खाली आला. "मग सांगून टाक तिले. अडचण काय आहे?"

अडचण अशी होती, की लान नुसती पालक नव्हती. परक्या गावात रीताला भाजी कुठं मिळते ते तिनं दाखवलं होतं, भाषा तिनंच शिकवली होती. रीता तिला 'ची लान' म्हणायची. तिकडं मोठ्या बहिणीला 'ची' म्हणतात. बहिणीला भाव कसा सांगायचा?

"तुले लाज वाटते, मले नाई वाटत," जानकीबाई म्हणाल्या. "दुकानवाली आहे ना ते? मंग मले बोलू दे तिच्यासंग. तू फक्त इकडचं तिकडं सांग."

नको नको म्हणत रीताने फोन लावलाच.

पडद्यावर लान आली. मागे छतापर्यंत कापडाचे तागे. जानकीबाईंनी आधी तागेच पाहिले. लाननेही इकडच्या फळीवरच्या साड्या पाहिल्या. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला, तो एका दुकानदाराने दुसऱ्याला करावा तसा.

रीताने विषय काढला. मोडकीतोडकी व्हिएतनामी, त्यात इंग्रजी, आणि राहिलेलं हातवाऱ्यांनी.

"तीन लाख म्हण," जानकीबाई कुजबुजल्या. "अडीचवर याले जागा पायजे."

रीताने तीन लाख सांगितले. लानने गालावर हात मारला. "दीड. तिन्ही मुलं घरचीच आहेत."

"दीडमंधी मास्तरीण नाई भेटत म्हणावं. हात लावून पायल्याबिगर टसर आणि सुतातला फरक समजत नाई. पोरगी बी. ए. आहे, शाळेत शिकवलं आहे तिनं."

रीता स्वतःचीच तारीफ भाषांतर करून सांगू लागली. तिचे कान गरम झाले. पलीकडून लान म्हणाली, "माल चांगला आहे, मला माहीत आहे. पण दुकान नवीन आहे. पहिलं गिऱ्हाईक मी आहे."

हेही रीतालाच सासूला सांगावं लागलं.

"हुशार आहे बाई," जानकीबाई खूश होऊन म्हणाल्या. पुढे सरसावून त्यांनी करवती काठाची एक टसर साडी फोनसमोर उलगडली. आता भाव बाजूला राहिला. काठ कसा विणतात, तिकडं रेशीम कुठून येतं, पोरींना आजकाल काय आवडतं, हे सुरू झालं. रीता घामाघूम होऊन दोन्हीकडचं पोचवत राहिली.

मग बोलता बोलता लान म्हणाली, "सासूबाईंना सांग, तुझी तब्येत आता छान आहे. दवाखान्यात होतीस तेव्हा मी फार घाबरले होते."

रीता समोरची उलगडलेली साडी घडी करू लागली.

"काय म्हणून राहिली ते?"

"काही नाई. तब्येतीचं विचारून राहिली."

पण लानला वाटलं, आपलं बोलणं समजलं नाही. तिनं डासाचा आवाज काढला, दंडावर चापट मारली, सलाईनची नळी हवेत काढून दाखवली आणि बोटांवर दिवस मोजले. त्याला भाषांतर लागलं नाही.

"डेंगू?" जानकीबाई रीताकडे वळल्या. "तुले डेंगू झाला होता?"

"बरी झालो ना, आई. तुमी उगीच घाबरल्या असत्या."

"आन् जवळ कोण होतं? भूषण तर मिलमंधी."

"ची लान होती. रोज पेज घेऊन यायची. दोन रात्री तिथंच झोपली."

जानकीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पडद्यावरच्या लानकडे पाहत त्या म्हणाल्या, "रीता, तिले म्हण, एक लाख दे. नाई, थांब. काहीच नको देऊ म्हणावं. जिनं तुले पेज पाजली तिच्यापासून पैसे घेते का आपुन?"

लान वाट पाहत होती. जानकीबाई वाट पाहत होत्या. या वेळी रीताने नुसतं भाषांतर केलं नाही.

"सासूबाई म्हणतात, काही घेऊ नकोस," ती स्वतःच्या शब्दांत बोलली. "मी तसं म्हणत नाही, ची लान. पेजेची किंमत मला करता येणार नाही, आणि मी करणारही नाही. पण शिकवणं हे माझं काम आहे. तिघांचे मिळून तासाला अडीच लाख. एवढं मला मिळायला हवं."

लानने मोठा श्वास सोडला आणि ती खुर्चीत मागे टेकली.

"बरं झालं बोललीस. आता मलाही बोलता येईल. माझी मुलगी अजून शब्दाच्या शेवटचा 'स' खाते. मुलगा पाठ करतो, पण बोलत नाही. फुकट शिकवणाऱ्या बहिणीला हे कसं सांगायचं? सहा महिने गप्प बसले होते मी."

रीताला ते चांगलंच झोंबलं. तिला वाटत होतं, मुलं उत्तम चालली आहेत. पण तिनं लगेच विचारलं, "मुलगा घरी कुणाशी इंग्रजी बोलतो?" मग दोघी कामाचं बोलू लागल्या. मुलाला वेगळा अर्धा तास द्यायचा. मुलं येणार नसतील तर आदल्या दिवशी कळवायचं, नाहीतर त्या तासाचे पैसे धरले जातील. शेवटी लानने सवयीनं पुन्हा घासाघीस केली आणि दोन लाख तीस हजारांवर गोष्ट मिटली. जानकीबाईंना यातलं काहीच कळत नव्हतं, पण लानच्या चेहऱ्यावरून सौदा झाल्याचं मात्र त्यांनी ओळखलं.

फोन ठेवल्यावर त्या फुगून बसल्या. "घेतलेसच ना पैसे?"

"घेतले. तिलेही तसंच पायजे होतं, आई." रीताने लानचं म्हणणं सांगितलं.

जानकीबाईंनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली, पण राग पैशांचा नव्हताच. "आन् माह्यापासून आजार लपवला त्याचं काय? तिकडची बाई तुह्या उशाशी बसते, आन् मी इकडं लग्नाच्या बांगड्या पसंत करून राहिलो होतो."

रीता सरकून सासूच्या शेजारी बसली. जानकीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग आता पयल्यापासून. ताप कोणत्या दिवशी आला?"

बाहेर एक बाई ब्लाउजपीस विचारत पायरी चढत होती. जानकीबाईंनी तिला हातानेच जरा बसायला सांगितलं, आणि रीता सांगू लागली.