लाडू तांडेलाच्या हातातला दांडा

अहो, जरा थांबा! नांगराला हात लावण्याआधी माझं ऐका. मी या नांगराचं रुमणं, म्हणजे येसाजी मुठीत धरतो तो दांडा. पण रुमणं मी नंतर झालो. त्याआधी अकरा वर्षं मी समुद्रावर होतो, गलबत हाकणाऱ्या लाडू तांडेलाच्या सुकाणूचा दांडा म्हणून. खोटं वाटतं? वाटू दे. थापा मारून मला लाकडाला काय मिळणार?

जन्म माझा इथलाच, बाजारकुणंग गावच्या रानातला. सुकाणूसाठी चिवट लाकूड शोधत लाडू कॅसलरॉकला आगगाडीतून उतरला आणि चालत इथवर आला. येसाजीनं ऐनाचं झाड दाखवलं, तोडलं, मला तासलं. एवढ्यात लाडू रानतापानं आडवा झाला. येसाजीनं आणि त्याच्या बायकोनं, फुलानं, महिनाभर त्याचं सगळं केलं. तिथून दोघांचं मेतकूट जमलं ते कायमचं.

दर वर्षी लाडू सुकी मासळी घेऊन यायचा आणि येसाजीला चिडवायचा, "वाघाच्या रानात ऱ्हातोस नि पाण्याला भितोस? एकदा चल की रे गलबतावर!"

"सुगी होऊ दे, येतो," येसाजी म्हणायचा. अशा अकरा सुग्या झाल्या. तुम्हा माणसांचं हे असंच असतं बघा.

लाडूचा तो ताप अधूनमधून उलटायचा. शेवटचा उलटला तो भर समुद्रात. अंग भाजत होतं, तरी तीन दिवस त्यानं मला सोडलं नाही. गलबत बंदराला लागलं, सगळे खलाशी सुखरूप उतरले, तेव्हा कुठं त्याची मूठ सैल झाली. जवळ त्याचा भाचा गुणा होता. त्याला लाडू म्हणाला, "हा दांडा येसाला दे. म्हणावं, समुद्राला भ्यालास, ह्याला तरी भिऊ नको." तेच त्याचं शेवटचं बोलणं. मला रडता येत नाही हो, नाहीतर रडलो असतो.

गुणानं मला घरी आणलं आणि लाडूचा निरोप सांगितला. "माझ्याच रानातल्या तापानं खाल्लं त्याला," एवढंच येसाजी बोलला. मग लाडूच्या तळहातानं माझ्यावर पडलेला खळगा त्याला दिसला. तो पुसला जाऊ नये म्हणून त्यानं मला आढ्याला टांगलं. रोज धूप दाखवायचा, पण हात म्हणून लावायचा नाही. आणि मला मेली वाळवी लागली! लाटांनी ज्याचं काही बिघडवलं नाही, तो मी देव होऊन मरायला टेकलो.

दसऱ्याला कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर माझीही पूजा मांडली. कुंकू लावताना फुलाच्या बोटांना माती लागली, तशी ती कडाडली, "अवो, ह्याला वाळवी लागलीया! पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी कामाला लावत्यात का टांगून ठेवत्यात?"

"लाडूचा हात पुसला जाईल गं."

"आणि दांडाच न्हाई ऱ्हायला तर? मग काय धरून बसणार हायसा?"

येसाजीनं मला पूजेतून उचललं. मग त्यानं वाळवी खरवडली, तेल चोपडलं आणि मला नांगराला ठोकलं.

कुळीथ पेरायच्या दिवशी त्यानं मला पहिल्यांदा मुठीत धरलं. जमिनीत ओढलेलं पहिलंच तास वाकडं गेलं. "लाड्या, मुद्दाम वाकडा नेतोस व्हय रे?" असं ओरडून तो हसला, आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडला. बैल बिचारे उभेच राहिले.

आता तो खळगा येसाजीच्या हातानं रुंद झालाय. माझी काही तक्रार नाही. मीही झिजलोय, एखाद्या पावसाळ्यात मोडेन. तेव्हा येसाजी, एवढं ऐक. मला परत आढ्याला टांगू नकोस. चुलीत घाल, माझ्यावर भात शिजव आणि त्या दिवशी एक पान जास्त वाढ. लाडूला भूक फार लागायची.